फीची काळजी आणि वाढलेला रक्तदाब

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या दवाखान्यात बाजार समितीतले एक हमाल आले. बारा वर्षांपासूनचे माझे पेशंट. गोळी नियमित घेणारे, मीठ कमी खाणारे, तंबाखू सोडलेले. तरीही त्या दिवशी रक्तदाब भरला १८० आणि ११०. मी दोनदा मोजला, दंड बदलून मोजला. आकडा तोच. गोळी चुकली का, जागरण झाले का, असे नेहमीचे प्रश्न विचारले. गृहस्थ काही बोलेनात. शेवटी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोरीचा नर्सिंगला नंबर लागलाय. बी.एस्सी. नर्सिंग. चार वर्षांची फी कुठून आणू? घरामागची पाच गुंठे जागा काढायला ठेवलीय."

मी विचारले, "शिष्यवृत्तीचा अर्ज भरला का?"

त्यांनी उत्तर दिले ते मला अजून टोचते. "त्ये आपल्यासाठी नसतंय, साहेब. ओळख असणाऱ्यांचं काम त्ये."

वाचकहो, या सदरात आपण रक्तदाबावर पुष्कळ बोललो आहोत. आज बोलायचे आहे ते रक्तदाब वाढवणाऱ्या एका कारणावर, ज्याची गोळी औषधाच्या दुकानात मिळत नाही. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट होऊ पाहणारी किंवा आरोग्यसेवेची धोरणे ठरवण्याचे शिक्षण घेऊ पाहणारी आपल्या गावची मुलेमुली पैशासाठी अडतात. पैसा नसतो असे नाही. तो कुठे आहे, कधी मागायचा आणि कसा मागायचा, हे कोणी सांगत नाही.

नावांचा घोळ

आधी शब्द समजून घेऊ, कारण अर्धा गोंधळ तिथेच होतो. शुल्कमाफी किंवा शुल्क प्रतिपूर्ती म्हणजे कॉलेजची फी शासनाने भरणे. शिष्यवृत्ती म्हणजे शिकत असताना मिळणारी मदत, ती फीसाठी असेल किंवा जेवणखाणासाठी. विद्यावेतन म्हणजे इंटर्नशिपमध्ये किंवा संशोधन करताना मिळणारी ठरावीक रक्कम. फेलोशिप म्हणजे शिकता शिकता किंवा शिकून झाल्यावर एखादे काम, संशोधन अथवा पुढचे शिक्षण करण्यासाठी निवडून दिलेली मदत. आणि कर्जाऊ शिष्यवृत्ती म्हणजे पुढे परत करायची रक्कम. जाहिरात वाचताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की यातले नेमके कोणते?

पहिली पायरी : राज्य शासनाच्या योजना

बारावीनंतरच्या मुलांसाठी सर्वांत मोठा आधार राज्य शासनाचा आहे आणि त्याचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरले जातात. अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती, इतर मागासवर्ग यांच्यासाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप आहे. खुल्या गटातल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्नमर्यादा वर्षाला ८ लाख रुपये. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून शासनाने आणखी एक पाऊल टाकले. इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागासवर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले.

पण यातली मेख लक्षात ठेवा. प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेली जागा यात बसत नाही. खासगी अभिमत विद्यापीठे आणि खासगी विद्यापीठेही यात येत नाहीत. "आधी मिळेल तिथे जागा घेऊ, फीचे मागून बघू" असे करणाऱ्या पालकांना नंतर पश्चात्ताप होतो. जागा घेण्याआधी दोन मिनिटे हा प्रश्न विचारावा.

दुसरे म्हणजे, शिक्षण शुल्क माफ झाले तरी राहणे-जेवण, गणवेश, अनामत हे खर्च उरतातच. त्यासाठी वसतिगृह नसलेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी मुलांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, इतर मागास व भटक्या-विमुक्त मुलांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, तर अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. प्रत्येकीच्या अटी निराळ्या आहेत आणि त्या बदलतातही, म्हणून त्या वर्षीचे परिपत्रक वाचूनच पुढे जावे.

कागदपत्रांची पिशवी

माझ्या पेशंटच्या मुलीचे गाडे अडले ते कागदांवर. उत्पन्नाचा दाखला होता, पण त्याची मुदत ३१ मार्चला संपलेली. बँकेचे खाते होते, पण ते आधारशी जोडलेले नव्हते. वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव वेगळे, मुलीच्या दाखल्यावर वेगळे.

दहावीचा निकाल लागला की घरात एक पिशवी करावी आणि तिच्यात पुढील कागद जमा करत जावे :

१. जातीचे प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र. वैधतेला वेळ लागतो. मूल अकरावी-बारावी विज्ञान शाखेत असतानाच कॉलेजमार्फत पडताळणी समितीकडे अर्ज करावा.

२. अधिवास प्रमाणपत्र. लागू असेल तर नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र.

३. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. एप्रिल उजाडला की नवा काढायला टाकावा.

४. आधारशी जोडलेले, चालू असलेले, मुलाच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते. घरात जुने बंद खाते आधारशी जोडलेले असेल, तर पैसे तिकडेच जाण्याचा धोका असतो. बँकेत जाऊन खात्री करावी.

५. दहावीपासूनच्या सर्व गुणपत्रिका, शाळा सोडल्याचे दाखले आणि मध्ये वर्ष गेले असेल तर त्याचे शपथपत्र.

सर्व कागदांवर नाव एकाच पद्धतीने लिहिलेले आहे का, हे एकदा चष्मा लावून पाहावे. एका वेलांटीसाठी अर्ज परत येतो. आणि अर्ज भरला म्हणजे काम झाले असे समजू नये. तो आधी कॉलेजच्या लिपिकाकडे जातो, मग विभागाकडे. कुठेही त्रुटी निघाली तर तो परत पाठवला जातो, आणि तसे कळवणारा संदेश आपण पाहिला नाही तर मुदत निघून जाते. दर आठ दिवसांनी अर्जाची स्थिती पाहत राहावी.

शिकता शिकता संशोधन

आता प्रवेश मिळालेल्या मुलांसाठी. एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, अल्पकालीन विद्यार्थी शिष्यवृत्ती १९७९ पासून चालू आहे. विद्यार्थ्याने आपल्या कॉलेजातला एक मार्गदर्शक निवडायचा, लहानसा विषय घ्यायचा, दोन महिने काम करायचे आणि अहवाल द्यायचा. अहवाल मान्य झाला की विद्यावेतन आणि प्रमाणपत्र मिळते. आयुर्वेदाच्या पदवीच्या मुलांसाठी केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान संशोधन परिषदेने २०२२ मध्ये 'स्पार्क' नावाची अशीच योजना सुरू केली. होमिओपॅथीच्या केंद्रीय परिषदेचीही अशी योजना आहे.

रक्कम फार मोठी नसते, पण खरा लाभ निराळा आहे. प्रश्न कसा विचारावा, माणसे कशी मोजावी, जे दिसले ते कसे मांडावे, हे विद्यार्थी वयाच्या विसाव्या वर्षी शिकतो. पुढच्या प्रत्येक फेलोशिपच्या अर्जात त्याला दाखवायला काहीतरी असते.

आरोग्य-धोरण म्हणजे काय?

"डॉक्टर होणे समजते, पण आरोग्य-धोरण शिकून पोटाला काय मिळणार?" असे मला एका पालकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे.

एखाद्या वाडीवरची बाई अडली तर तिला किती मैल न्यावे लागेल, हे कुणीतरी ठरवलेले असते. सपाट प्रदेशात ३०,००० लोकसंख्येमागे आणि डोंगराळ-आदिवासी भागात २०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा नियम धोरणाचा आहे. आपल्या देशाचे राष्ट्रीय आरोग्य धोरण १९८३, २००२ आणि २०१७ असे तीन वेळा जाहीर झाले. औषधांवर किती खर्च करायचा, नर्सच्या किती जागा भरायच्या, विमा कोणाला द्यायचा, हे ठरवणाऱ्यांत खेड्याचे दुःख पाहिलेली माणसे हवीत की नकोत?

गडचिरोलीचे उदाहरण घ्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी केली. गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली तर बालमृत्यू किती कमी होतात, हे त्यांनी मोजून दाखवले. तो अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आला. आज आपल्या गल्लीतली आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी येऊन बाळाचे वजन करते, त्यामागे हे काम आहे. एका अभ्यासाचे असे धोरण होते.

हे शिक्षण देणाऱ्या संस्था आपल्या जवळही आहेत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्याशास्त्र संस्था १९५६ ची आहे, तिथे काही जागांना केंद्र सरकारची फेलोशिप आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९७ पासून सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी आहे. या वाटेला डॉक्टरच असावे लागते असे नाही. नर्सिंग, समाजकार्य, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र शिकलेल्यांनाही दारे उघडी असतात. कोणत्या अभ्यासक्रमाला कोणती पदवी चालते, ते माहितीपत्रकात पाहावे.

पीएच.डी. करायची असेल तर यूजीसीच्या नेट परीक्षेत 'सामाजिक वैद्यक आणि सामुदायिक आरोग्य' असा स्वतंत्र विषय आहे. कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून सुरुवातीला महिना ३७,००० रुपये मिळतात. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्याच्या संस्थांच्याही पीएच.डी.साठी फेलोशिप आहेत.

परदेशाची वाट

परदेशी शिष्यवृत्ती म्हटले की आपल्याला वाटते, हे मुंबई-पुण्याच्या मुलांचे काम. तसे नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती १९८३ पासून आहे. तिला सुमारे दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर निदान दोन वर्षे मायदेशी परतावे लागते. अमेरिकेतील पदव्युत्तर शिक्षणाच्या फुलब्राइट-नेहरू फेलोशिपमध्ये सार्वजनिक आरोग्य हा विषय आहे, तिला तीन वर्षांचा अनुभव लागतो. जर्मनीच्या डाड संस्थेच्या विकासविषयक शिष्यवृत्त्यांतही सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक्रम आहेत, तिथे अनुभव दोन वर्षांचा. प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात किंवा एखाद्या संस्थेत पगारावर काढलेली वर्षे म्हणजे वाया गेलेली वर्षे नव्हेत. अर्जात त्यांनाच वजन असते. मात्र अनुभवाचे पत्र वेळीच घेऊन ठेवावे.

जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी जो निधी स्थापला, तो कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो आणि आजही चालू आहे. त्याच्या पहिल्या दोन मानकरी कोण होत्या, माहीत आहे? डॉ. फ्रेनी कामा आणि डॉ. कृष्णाबाई केळवकर. दोघीही डॉक्टर, आणि कृष्णाबाई आपल्या कोल्हापूरच्या. शिकून त्यांनी कोल्हापुरातच स्त्रियांची सेवा केली. जामखेडचे डॉ. रजनीकांत आरोळे फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले आणि परत येऊन त्यांनी व डॉ. मेबल यांनी १९७० मध्ये जामखेडसारख्या दुष्काळी तालुक्यात काम उभे केले. शिष्यवृत्तीचा पैसा असा तालुक्यात परत येतो.

अर्जाचा जीव : हेतूपत्र

बहुतेक फेलोशिपना एक निबंध लागतो. तुम्हाला हे का शिकायचे आहे? इथे आपली मुले गारठतात आणि कुठून तरी उतरवलेली भारदस्त वाक्ये लिहितात. "लहानपणापासून मला समाजसेवेची आवड आहे" हे वाक्य निवड समितीने हजार वेळा वाचलेले असते.

आनंदीबाई जोशींनी १८८३ साली अमेरिकेतल्या कॉलेजला प्रवेशासाठी लिहिलेले पत्र आठवावे. आपली पूर्वतयारी कदाचित पुरी पडणार नाही, हे त्यांनी लपवले नाही. आपल्या देशातल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचे आहे, आणि एवढा विरोध सोसून मी इथवर आले यावरून माझा निश्चय ओळखा, असा त्या पत्राचा आशय होता. कोणता प्रश्न, कोणाचा प्रश्न आणि मीच का, ही तीन उत्तरे त्यात आहेत.

तुम्हीही तेच करा. आपल्या तालुक्यातला एक प्रश्न निवडा. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची तपासणी का चुकते? क्षयाचा रुग्ण गोळ्या मध्येच का सोडतो? साप चावल्यावर माणूस आधी कुठे जातो? चार घरी जाऊन विचारा, लिहून ठेवा आणि साध्या भाषेत मांडा. मग मराठीच्या सरांना आणि इंग्रजीच्या बाईंना दाखवा. दोनदा फिरून लिहा.

माझी चूक

आता स्वतःची एक गोष्ट सांगतो. एमबीबीएसनंतर इंटर्नशिप करत असताना कॉलेजच्या फळ्यावर एका फेलोशिपची जाहिरात लागली होती. विषय माझ्या आवडीचा, अटी बसणाऱ्या. दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रे हवी होती. "सर काय, कधीही देतील," म्हणून मी शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबलो. गेलो तेव्हा सर परीक्षक म्हणून परगावी गेलेले. अर्ज राहिला. दोष सरांचा नव्हता, जाहिरातीचा नव्हता, माझा होता. पुढे दवाखाना थाटला, संसार झाला, तक्रार काही नाही. पण शिफारसपत्र महिनाभर आधी, लेखी विनंती करून आणि सोबत आपली माहिती देऊन मागावे, हे मी तेव्हापासून प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो.

वर्षाचे वेळापत्रक आणि एक सावधगिरी

एक दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक पानावर एक शिष्यवृत्ती : नाव, कोण देते, कोणासाठी, उत्पन्नमर्यादा, कागदपत्रे, गेल्या वर्षीची शेवटची तारीख. बहुतेक योजना दर वर्षी साधारण त्याच सुमारास निघतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या तारखेच्या दोन महिने आधी तयारीला लागावे. मोठ्या परदेशी शिष्यवृत्तीची तयारी तर वर्षभर आधी करावी. माहितीसाठी मूळ संस्थेचेच संकेतस्थळ पाहावे, फिरत आलेला निरोप नव्हे.

आणि सावध राहा. "तुमची शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, आधी अमुक रुपये पाठवा" किंवा "मोबाईलवर आलेला नंबर सांगा" असा फोन आला तर तो ठगाचा समजावा. काही संस्था अर्जाचे ठरलेले शुल्क घेतात, पण ते त्यांच्या माहितीपत्रकात छापलेले असते. मंजूर झालेल्या पैशासाठी पैसे मागणारा दाता नसतो.

आमच्या त्या मुलीचे काय झाले? तिचा प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच झाला होता, घर इतर मागासवर्गातले, त्यामुळे ती शुल्कमाफीत बसत होती. नवा उत्पन्नाचा दाखला निघाला, खाते आधारशी जोडले. पहिला अर्ज नावातल्या फरकामुळे परत आला, दुसरा मंजूर झाला. वसतिगृहाच्या खर्चासाठी वडिलांनी थोडे उसने घेतले, पण घरामागची जागा शाबूत आहे.

परवा ते तपासणीला आले होते. रक्तदाब १४० आणि ९०. गोळी चालू ठेवायला सांगितली आहे. जाताना म्हणाले, "शेजारच्या पोराला घेऊन येऊ का? फार्मसीला जायचं म्हणतोय. वही त्याला पोरीनंच करून दिलीय."

मी म्हटले, "जरूर आणा. येताना पिशवीही आणायला सांगा."